आमगावमार्गे

माझं माहेर वैनगंगेच्या काठाजवळच्या एका लहान गावात आणि सासर दवनीवाड्याला. दोन्ही गावं सपाटीवरची. कुठंही उभं राहिलं तरी धानाच्या बांध्या, मधले धुरे, धुऱ्यांवरची झाडं आणि त्यापुढं आभाळ. आपल्याच जिल्ह्यात डोंगर आहेत, तिथं लोक राहतात, सकाळी उठून चूल पेटवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहायची कधी वेळ आली नव्हती.

माझा नवरा ग्रामसेवक होता. शेवटची काही वर्षं त्याची नोकरी देवरीच्या पलीकडं, चिचगडच्या बाजूला होती. तिथं त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. शनिवारी मोटारसायकलनं घरी यायचा आणि सोमवारी पहाटे निघायचा. आम्हाला मूल नव्हतं. तो आला की तिकडच्या गोष्टी सांगायचा. डोंगराच्या पोटात गाव कसं आहे, बाजाराला पलीकडच्या छत्तीसगडचे लोक कसे येतात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत गावात माणूस कसा सापडत नाही. मी ऐकत ऐकत भाजी निवडायची. एकदा घेऊन जातो म्हणायचा. पण कधी धानाचं रोवणं आडवं यायचं, कधी कुणाचं लग्न, आणि मग सासूबाईंचं आजारपण सुरू झालं. त्यातच त्या गेल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो गेला. शनिवारी घरी येताना कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली आला. फोन मोठ्या दिरांना आला. ते आणि सासरे तिकडं गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन आले. तोंड बघू नको, असं सगळ्यांनीच सांगितलं. मी बघितलं नाही. हातही लावू दिला नाही. पायांकडची चादर मात्र थोडी सरकली होती, तेवढे पाय दिसले.

मी रडले नाही. बाया येऊन माझ्या गळ्यात पडायच्या, मोठ्यानं रडायच्या, थोड्या वेळानं बाजूला होऊन माझ्या तोंडाकडं पाहायच्या. माहेरची काकू म्हणाली की हिला रडवा, नाही तर छातीत बसेल. त्यांनी प्रयत्न केला. त्याचा सदरा आणून मांडीवर ठेवला. मी त्याची घडी केली. गावात त्याची चर्चा झाली हे मला नंतर कळलं, आणि कळूनही काही वाटलं नाही. जेवण समोर आलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची.

अनुकंपेवर मला नोकरी मिळाली. आरोग्य केंद्रात कारकुनाची जागा होती, तीही तिकडचीच, चिचगडच्या पुढच्या एका डोंगरी गावात. जिथं जागा रिकामी होती तिथं मिळाली. घरात सगळे नको म्हणत होते. बाईमाणूस, एकटी, जंगलात, शिवाय तो भाग कसा आहे ते ऐकून सगळ्यांना माहीत. मोठ्या जावेनं तर सरळ सांगितलं की दोन घास इथं कमी नाहीत. मी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. सासरे सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "जाते ते. मी नेऊन देतो."

आमच्या घरात सासरा सुनेशी फार बोलत नाही. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण मामाजींचं आणि माझं बोलणं म्हणजे चहा, पाणी, कोण आलं, कोण गेलं, एवढंच. डोक्यावरचा पदर सारखा करून मी ताट ठेवायची, ते मान खाली घालून जेवायचे. त्यामुळं गोंदियाच्या स्टॅंडवर आम्ही दोघं एका बाकावर बसलो तेव्हा मला कसंतरीच वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. देवरीला जायला दोन रस्ते आहेत. एक गोरेगाव, कोहमारा करून मोठ्या हायवेनं, आणि दुसरा आमगाववरून. कोहमाऱ्याची बस आधी लागली. माणसं चढली, कंडक्टरनं आवाज दिला. मामाजी जागचे उठले नाहीत. म्हणाले, तिकडून गर्दी असते, आपण आमगावमार्गे जाऊ. आम्ही पुढच्या बसची वाट पाहत बसलो.

त्या बसमध्ये ते बोलायला लागले. आमगाव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडी वाढत गेली आणि लांबवर निळसर काहीतरी उठलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं.

"ते दिसून राहिलं ना, तो सालेकशाकडचा डोंगर. त्याच्यात कचारगड आहे. मोठी गुहा. माघात गोंड लोक कुठून कुठून येतेत तिथी."

मी बघितलं. मग ते बाघ नदीबद्दल बोलले, ती कुठून निघते, तिला कुठं कुठं अडवलं, तिचं पाणी कोणत्या गावच्या धानाला मिळतं. आपण पोवार लोक मूळचे धारकडचे, राजाच्या फौजेबरोबर इकडं आलो आणि जमीन बघून इथंच राहिलो, हेही त्यांनी सांगितलं. हा जिल्हा पूर्वी भंडाऱ्यात होता, त्यांच्या तरुणपणी साध्या कागदासाठी भंडाऱ्याला जावं लागायचं, एक दिवस जायला आणि एक यायला. मध्येच ते थांबायचे, तंबाखू मळायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्यांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी हं हं करत होते. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

देवरीला बस बदलली. चिचगडनंतर रस्ता वळायला लागला. साग, साजा, बांबू. मध्येच उतारावर चार-दोन बांध्या, त्यात गवत वाळलेलं. गाव आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तीन बाजूंना डोंगर, एका बाजूनं रस्ता आत शिरतो आणि तिथंच संपतो. घरं लांब लांब. प्रत्येक अंगण शेणानं सारवलेलं आणि कुडाला पांढरी माती लावलेली.

केंद्रातल्या नर्सबाईंनी माझ्यासाठी खोली बघून ठेवली होती. घरमालकीण गोंड बाई, सासऱ्यांच्याच वयाची, एकटी. तिची मुलगी लग्न होऊन कोरचीकडं गेलेली. म्हातारी गोंडी बोलायची, आमच्याशी झाडीतलं मराठी बोलायची आणि बाजारात छत्तीसगडी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाण्याचा पितळी गुंड दाखवला. नवरा कसा गेला, कधी गेला, मूल का नाही, यातलं काही विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणायला लागले.

मामाजी त्या रात्री तिच्या सपरीत झोपले आणि सकाळी निघाले. जाताना म्हणाले, "येतो मंग पुढच्या महिन्यात."

कामाला मी लवकर लागले. केंद्रात फार गर्दी नसायची. ताप, खोकला, विंचू, बाळंतपणं. मी नोंदी करायची, शिक्के मारायची, औषधांची खोकी मोजून ठेवायची. लोक येऊन ओसरीवर बसायचे आणि बोलावलं नाही तर दिवसभर तसेच बसून राहायचे. त्यांची घाई नव्हती, माझीही नव्हती. मी कोण, कुणाची बायको, हे गावाला माहीत होतं. नवऱ्याच्या नोकरीचं गाव इथून दोन डोंगरांपलीकडं होतं, तिथली माणसं बाजाराला यायची. एकदा एक म्हातारा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, आमचे ग्रामसेवक साहेब चांगले होते म्हणाला आणि पिशवीतून तेंदूची पिकलेली फळं काढून टेबलावर ठेवून गेला. मी ती खाल्ली. गोड होती.

संध्याकाळी मावशीकडं बसायची. कधी मी भाजी न्यायची, कधी ती द्यायची. एकदा तिनं माझ्या हातची भाजी खाल्ली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, मीठ नाही टाकलं तू." मी चाखून पाहिली. खरंच नव्हतं. तिच्याआधी तीच भाजी मी खाल्ली होती. तिनं मीठ घातलं, हलवली आणि ताट पुन्हा माझ्याकडं सरकवलं.

मामाजी ठरल्याप्रमाणं यायचे. महिना झाला की दुपारच्या बसमधून उतरायचे, खांद्यावर तांदळाचं पोतं. घरचा बारीक चिन्नोर. मावशीला त्याचं हसू यायचं. ती म्हणायची की आमच्या गावात धान होत नाही काय, म्हातारा एवढ्या दुरून तांदूळ आणून राहिला. मामाजी म्हणायचे की होतं, पण तुमचं लाल, जाडं. मग दोघं सपरीत बसायची आणि वाद सुरू व्हायचा. तोही जमिनीचाच. मामाजींचं म्हणणं होतं की या लोकांकडं एवढं पाणी डोंगरावरून खाली येतं आणि ते अडवत नाहीत. तिकडं कोहळी लोकांनी गावोगावी तलाव बांधले, म्हणून भंडारा-गोंदियाचा धान पिकतो. मावशी ऐकून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "तलाव बांधला का त्याच्या बुडाखाली कोणाची जमीन जाते, बाबाजी?" मामाजींनी तंबाखू मळली. अर्धी तिला दिली.

मी मधे बसून ऐकायची. कुठला डोंगर कुठं, कुठला ओढा कोणत्या नदीला मिळतो, हे असं ऐकून ऐकूनच मला कळत गेलं. सणाला घरी जायचं असलं की ते मला घ्यायला यायचे, आणि आम्ही नेहमी आमगाववरूनच जायचो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. रस्ता म्हणजे रस्ता.

पोळ्याला असंच निघालो. त्या आठवड्यात पाऊस जोराचा झाला होता. देवरीच्या स्टॅंडवर आलो तर कळलं की आमगावच्या रस्त्यावर एका नाल्याचा पूल खचला आहे, गाड्या कोहमाऱ्यावरून जातील. मी बसमध्ये चढले. मागं वळून पाहिलं तर मामाजी खालीच उभे. पिशवी हातात.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

मी विचारलं, "काऊन?"

मागून माणसं चढत होती, कुणीतरी त्यांना चला म्हणालं, आणि ते चढले. माझ्याशेजारी बसले. तेव्हा मला कळलं की आपण इतके महिने आमगाववरून का जात होतो. कळलं म्हणजे एखाद्या गावाचं नाव पाटीवर वाचावं तसं कळलं, बाकी काही झालं नाही.

हायवेला गाडी जोरात धावते. दोन्हीकडं जंगल. मामाजी मांडीवर पिशवी धरून बसले होते. मग एकदम बोलायला लागले, नेहमीपेक्षा मोठ्यानं. ते नवेगाव बांधाबद्दल बोलत होते. इथून डावीकडं, दक्षिणेला, तो तलाव. केवढा, तर या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस दिसत नाही. कोहळ्यांनी बांधला. भोवती सात टेकड्या, लोक त्यांना सात बहिणी म्हणतात, त्यांच्यामधली खिंड मातीनं भरून काढली आणि एवढं पाणी थांबलं. ढिवर लोक त्यात मासे मारतात. थंडीत दुरून पक्षी येतात. ते सारखे डावीकडं बोट करत होते. मी डावीकडं पाहत होते. तिकडं झाडांशिवाय काही दिसत नव्हतं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून आमच्याकडं बघायला लागला.

मग त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. बोट तसंच हवेत राहिलं आणि खाली आलं.

मी विचारलं, "मामाजी, कुठी झालं?"

त्यांनी उजवीकडं मान केली. बस वेगात होती. रस्त्याकडेला एक नाली, तिच्यात तरोटा वाढलेला, पलीकडं पळसाची झाडं. ते सगळं मागं गेलं.

कोहमाऱ्याच्या चौकात बस थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. मामाजी उठून खाली उतरले, मीही उतरले. मला वाटलं त्यांना लघवीला जायचं असेल, पण ते एका धाब्यात जाऊन बसले. ट्रकवाले जेवत होते, टीव्ही चालू होता. मामाजींनी दोन चहा सांगितले. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. बाहेरून ट्रक गेला की टेबल हलायचं.

"चप्पल एकच भेटली त्याची," ते म्हणाले.

मी त्यांची टोपी टेबलाच्या कडेवरून आत सरकवली.

मग त्यांनी सांगितलं. दीर पोलिसांजवळ, कागदांत अडकले होते. मुलाला गाडीत घालून नेलं होतं. मामाजींना कुणी काही काम सांगितलं नाही, म्हणून ते रस्त्यावरच राहिले. उजव्या पायाची चप्पल त्यांना लगेच सापडली, डाव्या पायाची नव्हती. ती ते शोधत राहिले. नालीत उतरले, पळसांच्या खाली बघितलं, रस्ता ओलांडून त्या बाजूला बघितलं. एका ट्रकवाल्यानं त्यांच्यावर ओरडून शिवी दिली. अंधार पडेपर्यंत शोधली. दीर येऊन त्यांना ओढत घेऊन गेले.

"मले असं वाटून राहिलं होतं का तो अनवाणी कसा जाईन," ते म्हणाले. "बाकी कायचीच याद नाही आली तवा."

चहा आला. मी प्याले. तो फार गोड होता. मी त्यांना विचारलं की ती सापडलेली चप्पल कुठं आहे. ते म्हणाले, तिथंच ठेवली, पळसाखाली. एकाच चपलेचं काय करणार. मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्यांनी आलुबोंडे मागवले आणि आम्ही दोघांनी ते खाल्ले, कारण घरी पोचायला उशीर होणार होता. मला वाटलं होतं की इथं आपल्याला रडू येईल. वाटही पाहिली थोडी. आलं नाही. मामाजींच्या डोळ्यांतही पाणी नव्हतं. ते बोंड्याचा तेलकट कागद दुमडून दुमडून लहान करत होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि आम्ही बसमध्ये जाऊन बसलो. गोरेगाव, गोंदिया, घर. दुसऱ्या दिवशी पोळा झाला, बैल धुतले, मी पुरणपोळ्या केल्या.

त्यानंतर मामाजी बसमध्ये बोलेनासे झाले. आमगावचा पूल दुरुस्त झाला, तरी जी गाडी आधी लागेल तिच्यात बसायचे. कोहमारा आलं की बाहेर बघायचे. माझ्या ध्यानात आलं की मला त्यांच्या बोलण्याची सवय झाली होती. मी एक-दोनदा विचारलंही, हा डोंगर कोणता, ही नदी कोणती. ते सांगायचे, पण जेवढ्यास तेवढं.

एका मुक्कामात मावशीनं त्यांना सपरीत सरळ विचारलं, "तुमचा पोरगा कसा मेला?" आमच्याकडं कुणी असं विचारत नाही. मामाजींनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. मी आत भात शिजवत होते, मला ऐकू येत होतं. ऐकून झाल्यावर मावशी म्हणाली की सकाळी चला, दाखवते.

सकाळी ती आम्हाला गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेली. मोहाच्या झाडांखाली दगड उभे केले होते, काही कमरेएवढे, काही गुडघ्याएवढे, रांगेत नाही, कसेही. हा माझ्या नवऱ्याचा, ती म्हणाली. हा सासऱ्याचा. हा पोराचा, तापात गेला. मेलेल्या माणसाच्या नावानं तिची माणसं दगड आणून उभा करतात. तिनं एवढंच सांगितलं आणि मुलाच्या दगडाजवळचं वाळलेलं गवत उपटायला लागली. मामाजी त्या दगडाजवळ वाकले. मग त्यांनी विचारलं, "हा दगड कुठचा आहे? इकडचा नाही दिसत."

मावशीनं हातानं वरची टेकडी दाखवली. तिथला. चार माणसांनी आणला खांद्यावर. मामाजींनी टेकडीकडं बघितलं, दगडावरून हात फिरवला आणि वाटेचा चढ कुठून आहे ते विचारलं. ती दोघं त्यावर बोलत परत आली. मी मागून चालत होते. आमच्यात दगड ठेवत नाहीत. त्याची राख वैनगंगेत गेली होती.

मामाजींचे गुडघे त्या वर्षाअखेर गेले. आता ते येत नाहीत. तांदूळ दीर गोंदियाहून बसमध्ये चढवून देतात, कंडक्टर देवरीला उतरवतो. मागच्या बदल्यांच्या वेळी मला गोंदिया तालुक्यात जागा मिळत होती, दवनीवाड्याहून रोज जाता-येता आलं असतं. मी नको म्हटलं. दिरांना ते आवडलं नाही. मामाजींनी फोनवर कारण विचारलं. मला कारण सांगता आलं नाही. तिथं राहून बरं वाटतं म्हणावं तर तसंही नव्हतं. ते म्हणाले, "रहा मंग."

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मावशीच्या बांधीत रोवणं होतं. बाया कमी पडल्या म्हणून मी गेले. लहानपणापासून केलेलं काम, हात विसरले नव्हते. इथल्या बाया पऱ्हे, धानाची रोपं, जरा जवळ जवळ लावतात, आम्ही लांब लावतो. त्यावरून त्या गोंडीत काही बोलल्या आणि हसल्या. मावशीनं सांगितलं की त्या म्हणून राहिल्या, सपाटीवरच्या बाईला जमीन फार दिसते. मी हसले. वरून पाऊस बारीक लागून राहिला होता, डोंगर अर्धे ढगात होते. शेजारच्या बाईनं माझ्यासाठी रांगेत जागा केली, पऱ्ह्यांची जुडी माझ्या हातात दिली, आणि मी वाकून लावायला सुरुवात केली.